तीन ठिकाणी ठोकल्याशिवाय

पहाटे पावणेपाचला त्याचा दिवस सुरू होई. गजर त्याने कधी लावला नाही. याला गजर लावणं म्हणजे कोंबड्याच्या गळ्यात घड्याळ बांधणं, असं त्याची बायको म्हणायची. उठला की आधी डावं पाऊल. चौदाव्या वर्षी उडालेल्या तापल्या लोखंडाच्या थेंबाने तिथे नाण्याएवढा डाग केला होता आणि थंडीत तो ओढला जाई. अंगठ्याने तो चोळायचा, मग बूट चढवायचे. सव्वापाचला घराबाहेर, सहाच्या ठोक्याला फाउंड्रीच्या फाटकात. सेहेचाळीस वर्षांत तो तीनदा उशिरा पोहोचला. तिन्ही कारणं त्याला पाठ होती.

पहिली सोळा वर्षं साच्यात वाळू ठासण्यात गेली. पुढची तीस तपासणीत. ओतून थंड झालेलं कास्टिंग साखळीला टांगायचं, छोट्या हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. अंग धड असेल तर आवाज घंटेसारखा लांबत जातो. आत चीर असेल तर आवाज जागच्या जागी मरतो. एक ठोका तोंडाशी, एक मध्यावर, एक बुडाशी. तीन म्हणजे तीन. दोन ठोक्यांवर भागवणारे बरेच होते, आणि मेहनतीतली ती एक तृतीयांश चोरी कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या येई. ठोकून झालं की खडूने खूण करायची. हिरवं वर्तुळ म्हणजे पास, पिवळी रेघ म्हणजे दुरुस्ती, लाल फुली म्हणजे भंगार.

या कानाच्या कामावरून त्याला कानसेन म्हणायला लागले. खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथेच राहिलं.

कानसेनने तीस वर्षांत तपासणीत एकदाच चोरी केली. ती लोखंडाच्या बाबतीत नव्हती, एका पुस्तकाच्या बाबतीत होती. ते पुस्तक त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने लिहिलेलं होतं, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

फाउंड्रीच्या कँटीनमध्ये एक लोखंडी कपाट होतं. कामगारांनी वाचावं म्हणून कोणा जुन्या मॅनेजरने पुस्तकं भरून दिलेलं. मॅनेजर गेला, कपाट राहिलं. त्याची किल्ली कँटीनचं कारकुनी काम बघणाऱ्या बाईंकडे असे, म्हणून त्या किल्लीबाई. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत किंवा आडवे होत, तेव्हा कानसेन पुस्तक घेऊन खांबाला टेकायचा. शाळा आठवीत सुटलेली. पण वाचायचा कास्टिंगसारखं, कसून. तोंड, मध्य, बूड आणि त्यांच्या मधलं सगळं.

एकदा किल्लीबाईंनी सहज विचारलं, कसं होतं हो पुस्तक? त्याने खिशातून खडू काढला आणि आतल्या कोऱ्या पानावर हिरवं वर्तुळ काढलं. बाईंना गंमत वाटली. मग त्यांनी प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवली आणि कानसेन त्यावर खूण करून दोन ओळी लिहू लागला. बघता बघता फाउंड्रीची रीतच पडली. त्याची चिठ्ठी बघितल्याशिवाय पुस्तक कोणी उचलेना.

एका सेनापतीच्या जाडजूड आत्मचरित्रावर त्याने लिहिलं होतं, वजन भरपूर, कुठेही ठोका, एकच आवाज येतो, मी. पिवळी रेघ. एका खुनाच्या कादंबरीवर, खुनी सोळाव्या पानावर कळला, लेखकाला कळायला आणखी दोनशे पानं लागली. लाल फुली. एक प्रेमकथा होती, पहिला अर्धा भाग त्याचा, दुसरा तिचा. तिच्यावर त्याने लिहिलं, रस दोन बाजूंनी आला, मध्ये भेटला, पण एकजीव होण्याआधीच थंड झाला, सांध्यावर मोडेल. साचे भरणारे ते वाचून खूश झाले, कारण हा दोष ते रोज लोखंडात बघत. सोनेरी अक्षरांच्या कव्हरच्या एका पुस्तकावर फक्त एवढंच, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कामगारांवरची एक गाजलेली कादंबरी होती. तिच्यातला नायक चौदा तास घण मारून घरी येतो आणि बायकोशी जीवनाबद्दल बोलतो. कानसेनने लिहिलं, लेखकाने एक पाळी करून बघावी, माणूस पाणी मागतो आणि झोपतो. एका माळ्याने बागेवर लिहिलेल्या पातळ पुस्तकाला मात्र त्याने हिरवं वर्तुळ दिलं. याच्या नखात माती आहे, असा शेरा.

घरी बायको म्हणे, "सगळ्या जगाच्या पुस्तकांना पास-नापास करता, माझ्या स्वयंपाकाला एकदा तरी हिरवं वर्तुळ काढा." तो म्हणे, "तपासणी चालू आहे."

हिरव्या खुणेची पुस्तकं तो धाकटीला नेऊन द्यायचा.

धाकटी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. आईबाप एकाच वर्षी गेले, तेव्हा तो चौदाचा होता. शाळा सोडून फाउंड्रीत लागला तो हिला शिकवायचं म्हणून. तीही नववीत शाळा सोडून एका मोठ्या लॉन्ड्रीत लागली. दादाचे भाजलेले पाय बघवत नाहीत, म्हणाली. दोघांनी एकमेकांसाठी शाळा सोडली आणि दोघांचीही फुकट गेली. लॉन्ड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, हजारांनी. चादरी वाळवून इस्त्री करणाऱ्या मोठ्या वाफेच्या रुळावर धाकटी उभी असे. लग्न केलं नाही. लॉन्ड्रीच्या मागेच एक खोली घेतली होती. तिला वाचायचं वेड त्यानेच लावलं. पुस्तकापेक्षा आधी ती चिठ्ठी वाचायची आणि हसायची. वीस वर्षं तिने दादाची मतं वाचली, आणि त्यातली एकही तिला कधी खोटी वाटली नाही.

तिने लिहायला घेतलं तेव्हा कोणाला सांगितलं नाही. चहाच्या सुट्टीत, चादरींच्या गठ्ठ्यावर वही ठेवून, अकरा वर्षं. फाउंड्रीच्या कँटीनचे टेबलक्लॉथ याच लॉन्ड्रीत धुतले जात आणि दर शनिवारी त्यांचा गठ्ठा तीच पोहोचवायची. त्यातून किल्लीबाईंशी मैत्री. किल्लीबाईंनी ऑफिस सुटल्यावर रोज अर्धा तास बसून ते सगळं टाइप केलं. एकच प्रत, कारण कार्बन मोजून मिळायचे. तीनशे बारा पानं. कपाटाची फाटकी पुस्तकं शिवणाऱ्याकडून बांधून घेतलं, निळा पुठ्ठा घातला आणि चिठ्ठी लावली. लेखकाच्या जागी बाईंनी लिहिलं, नवीन.

नाव घालायला धाकटीनेच नको म्हटलं. दादाला कळलं तर तो हिरवं देईल, आणि तसलं हिरवं मला नको, म्हणाली. तिला ते लोखंडाला मिळतं तसं हवं होतं. अकरा वर्षांत तिला दुसरं काही नको होतं.

पुस्तक कानसेनच्या हातात पडलं त्याच आठवड्यात भट्टीचं अस्तर ढासळलं. चार दिवस ओतकाम बंद, मग तुंबलेलं सगळं एकदम. तो सलग नऊ दिवस दोन-दोन पाळ्या तपासणीला उभा होता. कानात हातोडीचा आवाज घरीसुद्धा वाजत राहायचा. निळं पुस्तक खणात पडून होतं. तिकडे धाकटी दर शनिवारी गठ्ठा टेकवून विचारायची, झालं का त्याचं? तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी किल्लीबाई त्याला म्हणाल्या, निळ्या पुस्तकाचं मत उद्यापर्यंत मिळेल का, कोणीतरी थांबलंय.

अजून वाचलं नाही एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण कानसेनचं काम कधी मागे पडत नाही अशी ख्याती होती, आणि ख्यातीसुद्धा ओझंच असते. त्याने दुपारच्या सुट्टीत खांबाला टेकून पहिली साठ पानं वाचली. त्यांत एका मोठ्या बंगल्यातली बाई होती, ती खिडकीशी उभी राहून लांबलचक वाक्यांत उसासे टाकत होती. असा बंगला लिहिणाऱ्याने बाहेरूनसुद्धा बघितलेला नाही हे त्याला दहाव्या पानावर कळलं. पापण्या मिटायला लागल्या तसं त्याने पुस्तक उलटं धरून शेवटची वीस पानं चाळली. तिथेही पुन्हा तोच बंगला, तीच खिडकी. मधली दोनशे बत्तीस पानं त्याने उघडली नाहीत. तोंडाशी ठोकलं, बुडाशी ठोकलं. आवाज दोन्हीकडे एकच आला, मग मध्ये काय वेगळा येणार.

त्याने लाल फुली मारली. खाली लिहिलं, माल बरा आहे, साचा चुकला, वितळवून पुन्हा ओतावं.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट भंगार पुस्तकांना तो नुसती फुली मारून सोडायचा, इथे माल बरा आहे असं वर लिहिलं. फाउंड्रीत भंगार ही शिवी नव्हे. चिरलेलं कास्टिंग त्याच संध्याकाळी भट्टीत जातं आणि दुसऱ्या दिवशी नव्या साच्यातून नवं होऊन येतं. लोखंडाचा गुंजभरही जीव जात नाही. त्या घरात भाऊ-बहीण दोघंही याच बोलीत वाढलेली. बाहेरच्या माणसाने ती चिठ्ठी वाचली असती तर चार दिवस रुसला असता आणि पुस्तक खणात टाकलं असतं.

धाकटीने शनिवारी ती उभ्याउभ्या वाचली. किल्लीबाईंना एकच प्रश्न विचारला, त्याने पूर्ण वाचलं ना?

बाई म्हणाल्या, तुझा भाऊ तीन ठिकाणी ठोकल्याशिवाय कधी खूण करतो का?

ती पुस्तक घेऊन गेली. सोमवारी सकाळी लॉन्ड्रीच्या बॉयलरमध्ये तिने ते टाकलं, आणि पाठोपाठ सगळ्या वह्याही. पुन्हा ओतायचं तर जुन्याचा तुकडाही शिल्लक नको, असं तिला वाटलं होतं.

पुढच्या नऊ वर्षांत कानसेनला एवढंच कळलं की धाकटी आता पुस्तकं मागत नाही. विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात. त्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, चष्मा करून दिला. ती तो लावायची आणि चादरींच्या कडा बघायची. पुस्तक दिलं तर ठेव म्हणायची. पुढच्या वेळी ते ठेवल्या जागीच असे. वय झालं, असं त्याने मनाशी म्हटलं. तेव्हा ती पन्नाशीतही नव्हती.

साठ पुरी झाली आणि तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी हातोडी भांडारात जमा केली, पगाराचं पाकीट घेतलं आणि खणातलं शेवटचं पुस्तक परत करायला कँटीनमध्ये गेला. किल्लीबाईंनी चहा दिला. कपाटाकडे बघून तो जरा फुशारकीने म्हणाला, तीस वर्षांत एकही मत चुकलं नाही, बाई. फुशारकी मारायची त्याची सवय नव्हती, पण तेवढा एक दिवस माणसाला हक्क असतो.

किल्लीबाईंनी कप खाली ठेवला. नऊ वर्षं त्या शपथेने बांधलेल्या होत्या.

"एक चुकलं," त्या म्हणाल्या. "निळं पुस्तक आठवतं?"

त्याला आठवलं. बाईंनी सगळं सांगितलं. धाकटीने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. मधली पानं टाइप करताना आपल्याला दोनदा उठून बाहेर जावं लागलं होतं, असंही म्हणाल्या. मधे काय होतं, हे त्याने विचारलं.  त्या प्रश्नातच त्यांना कळलं की मधलं त्याने वाचलंच नव्हतं.

तो तिथून थेट लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीवर गेला. धाकटी घरी आणलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. तो आत आला तशी तिने दोन कोपरे त्याच्या हातात दिले. लहानपणापासूनची सवय. तो चार पावलं मागे सरला, चादर ताणली गेली.

"किल्लीबाईंनी सांगितलं," तो म्हणाला.

"शपथ घातली होती मी त्यांना."

"कुठे आहे ते?"

"वितळवलं." ती पुढे आली, त्याच्या हातातले कोपरे स्वतःच्या कोपऱ्यांना जुळवले, घडी हातावर टाकली. "तूच लिहिलं होतंस ना. बॉयलरमध्ये घातलं. त्या वाफेवर चाळीसेक चादरी वाळल्या असतील त्या दिवशी. अगदीच फुकट नाही गेलं."

तो सांगू लागला की आमच्यात वितळव म्हणजे वाईट नव्हे, लोखंड भट्टीत गेलं तरी लोखंडच राहतं. बोलता बोलता स्वतःच थांबला.

"कागदाची राख होते," ती म्हणाली. "मला ते बॉयलरचं झाकण लावल्यावर सुचलं. नववी शिकलेल्या बाईला आधी सुचायला हवं होतं."

तिने दुसरी चादर उघडली. कोपरे त्याच्याकडे दिले. चादर दोघांमध्ये ताणलेली असताना तो म्हणाला, "मी पूर्ण वाचलं नव्हतं."

तिचे हात तसेच राहिले.

"किती वाचलंस?"

"पुढची साठ. मागची वीस."

"म्हणजे दोन ठिकाणी."

"हो."

"मध्ये नाही ठोकलंस."

"नाही."

ती बराच वेळ चादरीच्या मधोमध बघत होती. मग म्हणाली, "कोपरे नीट धर, सुटतायत."

त्या दिवशी ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चहा करताना तिनेच सांगितलं की पुढची साठ पानं वाईटच होती. ती तिने दुसऱ्यांची पुस्तकं वाचून वाचून लिहिली होती. बंगला काय, खिडकी काय. पुस्तकात तसंच असतं अशी समजूत. पाच वर्षं त्यातच गेली. एकसष्टाव्या पानावर तिचं तिलाच हसू आलं आणि तिने लॉन्ड्री लिहायला घेतली. शेवटी पुन्हा बंगल्यात गेली, कारण सुरुवात तिथे केली होती आणि शेवट कुठेतरी करायलाच हवा.

मग ती पानं काढून का नाही टाकलीस, असं त्याने विचारलं.

"पाच वर्षं लिहिलेली पानं, दादा. काढवत नाहीत. मला वाटलं, ती वाईट आहेत हे तू सांगशीलच. पण मधली चांगली आहेत हेही सांगशील."

कानसेन तीन आठवडे रोज पावणेपाचला उठून पाऊल चोळत बसला. बूट घालायची गरज नव्हती. बायको म्हणाली, कामावर जायचं नाही तर झोपा की. त्याने तिला सगळं सांगितलं. ती उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई नव्हती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं बसून काय होणार? जे मोडलंय ते जोडता येतं का बघा. जाऊन लिहून घ्या."

त्याला ते पटलं. काम म्हटलं की त्याला मार्ग सापडल्यासारखं वाटे. रेघांची वही घेतली, दोन पेन्सिली टोकदार केल्या आणि धाकटीकडे जाऊन बसला. तू सांग, मी लिहितो. ती हसली, नको म्हणाली. तो पुढच्या रविवारी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. चौथ्या वेळी ती म्हणाली, बरं, तुझं समाधान होऊ दे.

दुपारी दोन ते चार बसायचं ठरलं. पाच रविवारांत अकरा पानं झाली. त्याची बोटं जाड, अक्षर हळू. ती एक वाक्य सांगायची, थांबायची, डोळे मिटायची, मग दुसरं. इस्पितळाच्या आणि हॉटेलच्या चादरी एकाच पोत्यातून कशा येतात. निवडणाऱ्या बायका नुसत्या हाताने कसं ओळखतात, ही कोणाच्या झोपेची, ही कोणाच्या जागरणाची. जागणाऱ्या माणसाची चादर डोक्याशी नाही, पायाशी चुरगळलेली असते. रुळातून निघालेली चादर गालाला लावून बघायची एक म्हातारी, गरम आहे की नाही ते बघायला, असं ती म्हणायची, पण रोज एकच लावायची. त्यात एकही उसासा नव्हता. प्रत्येक वाक्य अंगावर काही नसलेलं, धड.

लिहिता लिहिता त्याचा कान जागा झाला. घंटेसारखा लांबत जाणारा तो आवाज त्याला नीट ओळखू आला. तीस वर्षांत कपाटातल्या कुठल्याही पुस्तकातून त्याने तो इतका स्वच्छ ऐकला नव्हता. आपण काय भट्टीत घालायला लावलं हे त्याला त्या टेबलाशी पेन्सिल धरून कळलं. किल्लीबाईंनी सांगितलं तेव्हा एवढं कळलं नव्हतं.

अकराव्या पानावर एक मुलगा आला. फाउंड्रीतून घरी येऊन डावा पाय बादलीत घालून बसलेला. त्याची बहीण वरून पाणी ओतते. तो म्हणतो, थंड आहे, बरं वाटतंय. त्याचे ओठ निळे पडलेले असतात आणि ती सात वर्षांची असून तिला कळतं की हा खोटं बोलतोय. दुसऱ्या दिवशी तो त्याच पायावर कामाला जातो. कानसेनने ते लिहून घेतलं. हात थांबवला नाही. थांबवला असता तर तीही थांबली असती.

त्यानंतर ती थांबलीच.

पुढच्या रविवारी तिने डोळे मिटले आणि मिनिटामागून मिनिट जात राहिलं. पुन्हा पुढच्या रविवारीही तेच. तो पेन्सिलींना टोक करायचा, ती चहा करायची, चार वाजायचे. असे सहा आठवडे. तो रेटत राहिला. त्याला एकच गोष्ट येत होती, जोर लावणं, आणि जोर लावून आजवर सगळं झालं होतं.

सातव्या आठवड्याला तिने वही मिटली.

"पुढचं पान डोळ्यांपुढे आणायला जाते आणि तुझी फुली दिसते," ती म्हणाली. "तू वाईट मनाने मारली नाहीस. मला माहीत आहे. पण दिसते. भट्टी एकदा थंड झाली की आत रस गोठतो, तो फोडून काढावा लागतो, भट्टीसकट. हे मी तुला सांगायचं का?"



"आता वही आणू नकोस. नुसता येत जा."

त्याने वही घरी नेली. अकरा पानं पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवली आणि एका छापखान्यात गेला. छापखानेवाला तरुण होता. पानं मोजून म्हणाला, "आजोबा, हे पुस्तक नाही होणार. चार घड्यांचं पत्रक होईल. करू का?"

कानसेन म्हणाला, पुस्तकच हवंय, तीनशे बारा पानांचं. बाकीच्या पानांवर काय छापायचं, असं छापखानेवाल्याने विचारलं. काही नाही. मग त्या पोराने जरा समजुतीच्या सुरात सांगितलं की कोऱ्या कागदालाही पैसे पडतात, शिवणाऱ्यालाही पडतात. कानसेन म्हणाला, मला माहीत आहे कशाला किती मेहनत पडते. ही अकरा एकसष्टाव्या पानापासून लावायची. आधीची साठ कोरी सोडायची.

"चुकून छापलंय असं वाटेल लोकांना."

"चुकूनच झालंय."

मग त्याने कागद मागवून बघितला, बोटांत चोळला, जाड घ्यायला लावला. शिवण दोनदा उसवून पुन्हा घालायला लावली. पोरगा वैतागला. एका प्रतीसाठी एवढं, असं पुटपुटला. शेवटच्या पगाराचं पाकीट कानसेनने निवृत्तीच्या दिवसापासून फोडलं नव्हतं. ते त्याने तिथे टेबलावर फोडलं.

रविवारी तो पुस्तक घेऊन गेला. आतल्या पानावर किल्लीबाईंच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी चिकटवली होती. लेखकाच्या जागी धाकटीचं नाव, पूर्ण. खुणेची जागा रिकामी. हिरवा खडू त्याने खिशात नेला होता, पण अकरा पानांवरून तीनशे बारा पास करायची त्याची हिंमत झाली नाही. एकदा तसं केलं होतं.

धाकटीने ओले हात पुसले. चष्मा लावला. पहिलं पान कोरं, दुसरं कोरं. ती एकेक उलटत राहिली, साठच्या साठ, एकही न वगळता. एकसष्टावर आली तेव्हा थोडी थांबली, दोन ओळी वाचल्या, आणि पुढे बादलीपर्यंत न जाता पुस्तक मिटलं. ते डाव्या तळहातावर उभं धरलं. उजव्या हाताचं बोट वाकवून वरच्या टोकाला ठोकलं, मग मधे, मग खाली. प्रत्येक वेळी कान जवळ नेऊन ऐकलं.

"पोकळ आहे, दादा," ती म्हणाली.

"हो."

तिने कपाट उघडलं, घड्या घातलेल्या चादरींच्या तळाशी पुस्तक सरकवलं आणि एक चादर उघडून दोन कोपरे त्याच्याकडे दिले. त्याने ते धरले.

फाउंड्रीतल्या सेहेचाळीस वर्षांचा शेवटचा पगार त्यात गेला होता. पुढे साठ कोरी पानं, मग अकरा छापलेली, मग दोनशे एक्केचाळीस कोरी, आणि वर जाड निळा पुठ्ठा.